घराजवळची पक्ष्यांची जागा कशी शोधावी, आणि दिसलेलं कसं नोंदवावं

पक्षी बघायला कुठे जावं असं कुणी विचारलं की लगेच एखाद्या नावाजलेल्या अभयारण्याचं नाव पुढे येतं. मला ते उत्तर अपुरं वाटतं. अभयारण्यात वर्षातून एकदा-दोनदा जाणं होतं. घरापासून चालत गाठता येणारं तळं, ओढा, पडीक रान किंवा झाडीनं वेढलेली जुनी दफनभूमी इथे मात्र दर आठवड्याला जाता येतं, आणि पक्ष्यांबद्दलच्या खऱ्या गोष्टी अशा येण्या-जाण्यातूनच कळतात. कोण कधी आलं, कोण कधी निघून गेलं, कोण यंदा फिरकलंच नाही.

इथे दोन प्रश्न एकत्र घेतले आहेत: जवळची चांगली जागा शोधायची कशी, आणि तिथे दिसलेलं इतरांच्या कामी येईल असं नोंदवायचं कसं. वरवर ते वेगळे वाटतात. पण नीट नोंदी झाल्याशिवाय एखादी जागा खरोखर चांगली आहे की नाही, हेच ठरवता येत नाही.

जागा वाचायची कशी

पक्ष्याला अन्न लागतं, पाणी लागतं, लपायला आडोसा लागतो आणि रात्रीचा थारा लागतो. हे सगळं जिथे थोड्या अंतरात मिळतं तिथे पक्षी जास्त. म्हणून दाट झाडीच्या पोटात शिरण्यापेक्षा झाडी संपून गवत सुरू होतं त्या कडेला उभं राहावं. तिथे झाडावरचे, झुडपातले आणि उघड्यावरचे असे सगळेच पक्षी एका नजरेच्या टप्प्यात येतात. शिवाय कडेवर सकाळचं ऊन आधी पोचतं, किडे लवकर हलू लागतात, आणि किडे टिपणारे कोतवाल, वटवटे त्यांच्यामागे येतात.

पाण्याच्या बाबतीत बरंच काही खोलीवर ठरतं. ओल्या चिखलावर आणि बोटभर पाण्यात धोबी आणि छोटे तुतवार चालतात. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या पोटरीभर पाण्यात उतरतो. शेपटी वर करून डोकं बुडवणाऱ्या बदकांना तळाशी मान पोचेल इतकंच पाणी हवं असतं. पूर्ण बुडी मारणारी बदकं आणि पाणकावळे खोल पाणी धरून असतात. म्हणजे ज्या तळ्याचा काठ हळूहळू उतरत जातो तिथे या सगळ्यांची सोय एकाच वेळी होते. त्याच तळ्याला उभ्या दगडी भिंती बांधल्या, चारी बाजूंनी फरशी आणि दिवे बसवले की उथळ पट्टा नाहीसा होतो आणि त्याच्याबरोबर निम्मे पक्षी जातात. पाणी तेवढंच असतं, म्हणून बांधणाऱ्याला आपण काही काढून घेतलं असं वाटतही नाही. तळ्याचं सुशोभीकरण होणार अशी बातमी कानावर आली तर काम सुरू होण्याआधी निदान एका बाजूचा मातीचा उतार तसाच ठेवा, अशी मागणी जरूर करावी.

धरणाच्या जलाशयातही हेच दिसतं. भरलेला जलाशय देखणा असतो, पण पाणी मागे हटून चिखल उघडा पडू लागतो तेव्हा तिथे चिखलपायी, म्हणजे तुतवारांसारख्या चिखलात चालून अन्न शोधणाऱ्या, पक्ष्यांची खरी गर्दी होते. सांडपाणी शुद्धीकरणाची तळी वासामुळे लोक टाळतात. पक्षी टाळत नाहीत, कारण त्या पाण्यात किड्यांच्या अळ्या भरपूर असतात. जगभरचे पक्षीनिरीक्षक अशा तळ्यांवर आवर्जून जातात.

कधीकधी एक झाडसुद्धा ठिकाण होऊ शकतं. वड, पिंपळ, उंबर या वर्गातलं झाड फळाला आलं की फळं संपेपर्यंत दिवसभर त्यावर राबता असतो. वाळून उभं राहिलेलं झाड लोकांना तोडून टाकावंसं वाटतं, पण सुतार पक्षी त्यातच ढोली कोरतो, पुढे त्या ढोलीत दुसरे पक्षी संसार मांडतात, आणि शिकारी पक्ष्यांना वरच्या उघड्या फांद्या टेहळणीसाठी हव्या असतात.

शहरात राहणाऱ्यांनी निराश व्हायचं कारण नाही. मैलोन्मैल सिमेंट आणि मध्येच झाडीचा एक तुकडा असेल, तर वरून उडणाऱ्या थकलेल्या स्थलांतरितांना उतरायला तेवढीच जागा असते, आणि ते तिथे एकवटतात. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. सुमारे ३४१ हेक्टरची ती बाग उंच इमारतींनी चारी बाजूंनी वेढलेली आहे, तरी तिथे पक्ष्यांच्या दोनशेहून अधिक जातींची नोंद झाली आहे.

शोधाची सुरुवात उपग्रह नकाशापासून करावी. घराभोवती चार-पाच किलोमीटरचा टापू उघडा आणि रंग जिथे बदलतात त्या रेषा बघत जा: हिरव्याला लागून तपकिरी, निळ्याला लागून हिरवं. वळणावळणाचा ओढा, बंद पडलेली दगडखाण जिच्यात पाणी साचलंय, रेल्वेरुळांच्या कडेचं मोकळं रान, अशा जागा रस्त्यावरून कधी नजरेला पडत नाहीत, वरून लगेच दिसतात. मग प्रत्यक्ष जाऊन पाहावं. आत जायला परवानगी लागते का, वाट सुरक्षित आहे का, हेही तेव्हाच कळतं.

वेळेचं म्हणाल तर पहाटेनंतरचे दोन तास सहसा सर्वात चांगले, पण सगळ्यांसाठी नाही. घारी, गरुड, गिधाडं जमीन तापून गरम हवेचे झोत वर चढू लागले की आकाशात दिसतात, म्हणजे ऊन वर आल्यावर. समुद्रकिनारी घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहावं. पूर्ण ओहोटीला पक्षी दूरवर चिखलात पांगलेले असतात. पाणी चढू लागलं की तेच किनाऱ्याकडे सरकतात आणि भरतीला उरलेल्या कोरड्या पट्ट्यावर दाटीनं बसतात. आणि तळ्याच्या कुठल्या काठावर उभं राहायचं हे सूर्य ठरवतो. सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहिलं की ऊन पाठीशी येतं आणि समोरच्या पक्ष्याचे रंग खरे दिसतात. पश्चिमेच्या काठावरून तोच पक्षी नुसती काळी आकृती असतो.

हॉटस्पॉटचा नकाशा काय सांगतो, काय सांगत नाही

दुसऱ्यांनी शोधलेल्या जागा बघायच्या असतील तर ईबर्ड हे पक्ष्यांच्या नोंदींचं संकेतस्थळ आणि अ‍ॅप आज सगळ्यात मोठं साधन आहे. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षीविज्ञान प्रयोगशाळा आणि नॅशनल ऑडुबन सोसायटी यांनी ते २००२ साली सुरू केलं आणि २०१० पासून ते साऱ्या जगासाठी खुलं झालं. जगभरातले लोक त्यात आपल्या याद्या भरतात. ज्या सार्वजनिक जागी अनेकजण जातात तिला हॉटस्पॉट म्हणून मान्यता मिळते, आणि नकाशावर त्या जागेची खूण किती जाती नोंदल्या गेल्या त्यानुसार रंग बदलते.

नवखा माणूस इथे हमखास चकतो. गडद लाल खूण म्हणजे भरपूर पक्षी आणि फिकट खूण म्हणजे कमी, असा अर्थ तो काढतो. जातींचा आकडा दोन गोष्टींवर अवलंबून असतो: तिथे किती जाती आहेत, आणि तिथे किती लोकांनी किती तास घालवले. पार्किंग असलेल्या, रस्त्यालगतच्या तळ्यावर वर्षानुवर्षं रोज कुणीतरी जात असतं, त्यामुळे चुकून उतरलेला पक्षीसुद्धा नोंदला जातो. त्याहून समृद्ध ओढा दोन किलोमीटरवर असेल आणि तिथे कुणी गेलंच नसेल, तर नकाशावर तिथे काहीच नसणार.

पक्षीनिरीक्षकांत याबद्दल एक जुनी कहाणी सांगितली जाते. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या पॅटागोनिया या छोट्या गावाजवळ रस्त्याकडेला एक विसाव्याची जागा आहे. तिथे एक दुर्मीळ पक्षी दिसला. तो बघायला लोक जमले, त्यांना दुसरा दुर्मीळ पक्षी दिसला, मग आणखी लोक आले. यालाच पॅटागोनिया पिकनिक टेबल इफेक्ट असं नाव पडलं. पुढे ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २००८ ते २०१७ या काळातल्या ईबर्डच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असा परिणाम होत असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. मला यातून एक सरळ अर्थ दिसतो: दुर्मीळ पक्ष्याच्या बातमीमागे धावून त्याच जागी गर्दी वाढवल्यानं फारसं नवं हाती लागत नाही. नकाशावरच्या ज्या चौकोनात कुणी गेलेलं नाही तिथे तासभर घालवला तर तुमच्या प्रत्येक नोंदीनं नकाशात भर पडते.

हॉटस्पॉटच्या पानावरचा खरा उपयोगी भाग म्हणजे बार चार्ट. त्यात प्रत्येक जातीपुढे वर्षाची पट्टी असते आणि प्रत्येक महिन्याचे चार भाग केलेले असतात. पट्टी जिथे जाड तिथे तो पक्षी त्या दिवसांत हमखास दिसणारा. जिथे बारीक तिथे क्वचित. जिथे रिकामी तिथे नाही. जाण्याआधी ही पट्टी चाळली की आज काय दिसण्याजोगं आहे याचा अंदाज येतो आणि ओळखण्यातल्या निम्म्या चुका टळतात. पण ही जाडी कशी ठरते, हे समजून घेतलं तर आपली यादी कशी लिहावी हे आपोआप कळतं.

जाडी कशी ठरते

समजा एका तळ्यावर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वेगवेगळ्या लोकांनी मिळून ४० याद्या भरल्या. त्यांतल्या १० याद्यांत खंड्या आहे. म्हणजे खंड्याची वारंवारता १० भागिले ४०, अर्थात २५ टक्के. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात ६० याद्या आल्या आणि खंड्या १२ याद्यांत होता, तर वारंवारता २० टक्के. नुसत्या नोंदी पाहिल्या तर खंड्या वाढला असं वाटेल, १० चे १२ झाले. याद्यांच्या प्रमाणात पाहिलं तर तो आधीपेक्षा कमी वेळा दिसला.

हे गणित एका अटीवर उभं आहे. उरलेल्या ३० याद्यांत खंड्या नाही याचा अर्थ तो दिसला नाही असाच असला पाहिजे. दिसला, पण नेहमीचाच म्हणून लिहिला नाही, असा असता कामा नये. म्हणून यादी भरताना शेवटी विचारलं जातं: ओळखता आलेल्या सगळ्या जाती तुम्ही लिहिल्या आहेत का? याला होकार दिलेली यादी ती पूर्ण यादी, आणि बार चार्ट अशाच याद्यांवरून बनतो. पूर्ण म्हणजे प्रत्येक पक्षी ओळखता आलाच पाहिजे असं नाही. झुडपातला एखादा वटवट्या ओळखू आला नाही तर तो सोडून द्यावा. कावळे, साळुंक्या, पारवे मात्र गाळायचे नाहीत.

एका सकाळच्या दोन नोंदी घ्या. पहिला लिहितो, 'तळ्यावर चक्रवाक दिसले.' दुसरा लिहितो, सकाळी ६:४० ते ७:३५, चालणं ८०० मीटर, दोघे निरीक्षक, आणि खाली १९ जाती: चक्रवाक ६, शेकाट्या ३१, कावळे ४, आणि तशीच पुढची यादी. पहिल्यातून एकच गोष्ट कळते. दुसऱ्यातून १९ जाती होत्या हे कळतं आणि ज्या शेकडो जाती त्या भागात असू शकतात त्या या ५५ मिनिटांत दिसल्या नाहीत हेही कळतं. वेळ, अंतर आणि माणसं लिहायची ती यासाठी. दहा मिनिटांत न दिसणं आणि तीन तास फिरून न दिसणं यांत मोठा फरक आहे, आणि मिनिटं लिहिलेली असली तरच तो नंतर कुणालाही काढता येतो.

यादी लहान ठेवावी. सकाळभर दहा किलोमीटर भटकून एकच यादी भरली तर कुठला पक्षी माळावरचा आणि कुठला पाण्यावरचा याचा पत्ता लागत नाही. अधिवास बदलला की नवी यादी. सुरुवात करणाऱ्यानं एका जागी उभं राहून १५ मिनिटांची यादी करावी. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटमध्ये भाग घ्यायलाही निदान १५ मिनिटंच लागतात.

आकडे लिहायला लोक बिचकतात. ईबर्डमध्ये आकड्याऐवजी एक्स लिहिता येतं, म्हणजे 'होता, मोजला नाही'. पण अंदाजी आकडा एक्सपेक्षा केव्हाही बरा. थवा मोजायची रीत सोपी आहे: थव्याच्या एका टोकाचे दहा पक्षी नीट मोजा, तेवढ्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरा, आणि तेवढ्या जागा पुऱ्या थव्यात किती बसतात ते पाहा. थवा मोठा असेल तर दहाऐवजी पन्नासचा तुकडा घ्या. तुम्ही ३०० लिहिले आणि प्रत्यक्षात २७० होते तरी ३० नव्हते आणि ३,००० नव्हते एवढं तर पक्कं कळतं.

नेहमीच्या पक्ष्यांचा आग्रह मी वारंवार धरतो त्याला सबळ कारण आहे. १९८० च्या दशकात भारतातलं पांढऱ्या पाठीचं गिधाड इतकं मुबलक होतं की मोठ्या शिकारी पक्ष्यांत ते बहुधा जगात सर्वाधिक संख्येनं असावं असं मानलं जाई. त्यानंतर जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे, ते अंगात असलेली मढी खाऊन, त्यांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ साली भारतात हे औषध जनावरांसाठी वापरायला बंदी आली. उत्तर अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं दाखवलं की १९७० पासून तिथले जवळपास ३०० कोटी पक्षी कमी झाले, आणि त्यातला मोठा वाटा चिमण्यांसारख्या दिसणाऱ्या, रोजच्या, साध्या पक्ष्यांचा होता. ही घट मोजता आली कारण तिथे हजारो हौशी लोक दशकानुदशकं त्याच वाटांवर जाऊन सगळे पक्षी मोजत आले होते. ख्रिसमस बर्ड काउंट ही नाताळच्या सुमारास होणारी पक्षीगणना तर १९०० सालापासून चालू आहे. पहिल्या वर्षी त्यात २७ जण होते.

शंका, पुरावा आणि तपासणी

ईबर्डमध्ये प्रत्येक प्रदेशाला आणि महिन्याला एक गाळणी लावलेली असते: या महिन्यात या जातीचे साधारण इतकेच दिसतात. तुमचा आकडा त्यापेक्षा जास्त असला किंवा जातच अनपेक्षित असली, तर अधिक माहिती मागितली जाते, आणि एखादा स्वयंसेवक तपासनीस ती नोंद बघतो. काहीजण हे मनाला लावून घेतात. तुमच्या प्रामाणिकपणावर तो संशय नसतो. दहा वर्षांनी ती नोंद वाचणाऱ्या अनोळखी माणसाला तुम्ही काय पाहिलं ते कळावं म्हणून विचारणा असते. नोंद मान्य झाली नाही तरी ती तुमच्या स्वतःच्या यादीत राहते, सार्वजनिक निष्कर्षांत तेवढी धरली जात नाही.

चांगलं वर्णन कसं असतं? 'हिरवा तुतवार, नक्की तोच' यात वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. हे पाहा: 'साधारण २० मीटरवर, ऊन पाठीशी, दुर्बिणीतून चार-पाच मिनिटं. पाठ गडद, ठिपके अगदी बारीक. पांढरी भुवई डोळ्याच्या पुढेच, मागे गेलेली नाही. उडाला तेव्हा पंखांची खालची बाजू काळपट, शेपटीचा बुडखा पांढराशुभ्र. ठिपकेवाला तुतवार नाही, कारण त्याची भुवई डोळ्याच्या मागपर्यंत जाते आणि पंख खालून फिकट असतात.' शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. दुसरा कोण असू शकला असता आणि तो का नव्हे, हे लिहिलं की धूसर फोटोपेक्षा ते वर्णन जास्त पक्कं ठरतं.

मर्लिन अ‍ॅपमध्ये २०२१ पासून आवाजावरून पक्षी ओळखण्याची सोय आहे. ती कान तयार करायला फार उपयोगी आहे. तरी पडद्यावर नाव उमटलं म्हणून ते यादीत टाकू नये. पक्ष्यांची नक्कल करणारे पक्षी असतात, दूरचा मोटारीचा आवाजही कधी फसवतो. नाव दिसलं की त्या दिशेनं बघावं, स्वतः ऐकावं, पटलं तरच लिहावं.

काय सांगायचं नाही

सगळं सगळ्यांना सांगणं हिताचं नसतं. घरटं, घुबडाची दिवसा बसायची फांदी, आणि ज्यांना पकडणाऱ्यांचा किंवा शिकाऱ्यांचा धोका आहे असे पक्षी, या तीन बाबतीत नेमकी जागा उघड करू नये. घुबड रोज त्याच फांदीवर बसतं. पत्ता फुटला की दुसऱ्या दिवशी चार कॅमेरे, तिसऱ्या दिवशी वीस, आणि कुणीतरी ते उडावं म्हणून टाळ्या वाजवतंच. घरट्यावरून आईबाप वारंवार उठले तर अंडी गारठतात किंवा उन्हात तापतात, आणि कावळ्यांना घरट्याचा माग लागतो.

ईबर्ड संवेदनशील जातींची नेमकी जागा आपणहून झाकतं. आयनॅचरलिस्ट या सर्व सजीवांच्या नोंदींच्या अ‍ॅपवर धोक्यातल्या जातींची जागा अक्षांश-रेखांशाच्या ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेही दाखवली जाते, म्हणजे खरी जागा कळत नाही. पण हे संरक्षण त्या अ‍ॅपपुरतंच असतं. तुम्ही मूळ फोटो मोबाइलवरच्या पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर फाइल म्हणून पाठवलात तर मोबाइलनं त्यात साठवलेले अक्षांश-रेखांशही सोबत जातात. कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवा, आणि मागे ओळखू येणारं देऊळ किंवा पूल दिसत असेल तर फोटो कापून घ्या. घरट्याची नोंद करायला हरकत नाही. पिल्लं उडून गेल्यावर करावी.

ग्रुपवर एरवीचं काही सांगताना तारीख, वेळ, जागा आणि संख्या मजकुरातच लिहावी. 'आज सकाळी दिसला' एवढाच मजकूर असलेला फोटो महिनाभर फिरत राहतो आणि प्रत्येक वाचणाऱ्याचा 'आज' निराळा असतो.

घरात जुन्या वह्या असतील तर त्याही भरता येतात. ईबर्ड मागच्या कुठल्याही तारखेची यादी घेतं. वेळ आणि अंतर वहीत असेल तर ते तसंच भरावं; नसेल तर यादीचा प्रकार हिस्टॉरिकल निवडावा आणि रकाने आठवणीवरून भरू नयेत. वहीत फक्त विशेष पक्षीच लिहिलेले दिसत असतील तर पूर्ण यादीच्या प्रश्नाला 'नाही' म्हणावं. जागेचं नाव आज बदललं असेल, तळं बुजवून तिथे इमारत आली असेल, तरी खूण जुन्या जागीच लावावी आणि शेऱ्यात तसं लिहावं.